जेवणानंतरची गोळी

ताई,

परवा तुझ्या तेरवीला पंगत उठल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. नागपूरचा भाऊ, औषधाच्या दुकानातला, चार बुकं शिकलेला, म्हणजे तोच बोलणार. मी उभा राहिलो आणि तू किती सोशिक होतीस, किती मायाळू होतीस, कधी कुणाला उलटून बोलली नाहीस, असं काहीबाही बोलून खाली बसलो. बायांनी पदर डोळ्यांना लावले. तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, "मन्या, कोणाबद्दल बोलून राहिला गा तू?" सोशिक आणि तू! संत्र्याच्या व्यापाऱ्याला बागेच्या फाटकापाशी उभा करून तू त्याच्या सात पिढ्या काढायचीस. माझी पन्नाशी जवळ आली तरी चारचौघांत मला मन्या म्हणायचीस आणि शर्टाची वरची गुंडी लावायला सांगायचीस.

तेव्हा ते भाषण रद्द समज. मला जे बोलायचं होतं ते तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं. भाऊजी समोर बसले होते, आणि गोळ्यांचं प्रकरण त्या गावात आपल्या तिघांपलीकडे कुणाला धड माहीत नाही. आठ वर्षांपूर्वी आपलं भांडण झालं. त्यात शेवटचं वाक्य तू बोललीस आणि मी उत्तर न देता एसटीच्या फाट्याकडे चालायला लागलो. तेव्हापासून उत्तर माझ्याकडे तसंच पडून आहे. आता ते कुणाला देऊ?

आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मृगाची संत्री निघून गेली होती, उन्हाळा तोंडावर होता आणि भाऊजींचं पत्र आलं, की तुमच्या ताईचं काही खरं दिसत नाही, सवडीने या. भाऊजी पत्रात जनावराच्या आजाराबद्दलही असंच लिहितात, म्हणून मी चार दिवस लावले. आलो तर तू विळीवर बसली होतीस. पुढ्यात वांगी, अर्धी चिरलेली, अर्धी तशीच. चिरलेली काळी पडली होती. मी चपला काढून आत आलो, तुझ्यासमोर बसलो. माझी वरची गुंडी उघडी होती आणि तू तिकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

"काय होते वं ताई?" मी विचारलं.

"काईच नाही होत गा. तेच तं. काईच नाही होत." तू वांग्याकडे पाहत म्हणालीस. "जेवाले बसली का घास तोंडात फिरते. पहाटं जाग येते अन् मंग उठावंसंच नाही वाटत. काहून उठू, तू सांग."

भाऊजींचे तोवर दोन ठिकाणचे अंगारे आणून झाले होते. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे काम नको म्हणून सोंग आहे. सोंग म्हणणाऱ्यांना तू ठणठणीत असतीस तर काय ऐकवलं असतंस, याची मी कल्पना करत होतो आणि तू मात्र मान खाली घालून ऐकून घेत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तुला नागपूरला घेऊन आलो.

धंतोलीतल्या मनोविकाराच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आमच्या सीताबर्डीच्या दुकानात रोज यायच्या. कितीतरी वर्षं मी त्या गोळ्या लोकांना बांधून देत होतो, चेहऱ्यावरची माशी न हलू देता. वाटायचं, कुणाच्या घरात काय असतं बुवा. आता आपल्याच घरात आलं. डॉक्टरांनी तुला अर्धा तास बोलू दिलं, मग म्हणाले, "हा आजार आहे. आळस नाही आणि भूतबाधाही नाही. अमिट्रिप्टिलिन देतो, पंचवीस मिलिग्रॅमची. पहिला आठवडा रात्री एक, मग दोन. लागली तर पुढे तीन. एक लक्षात ठेवा, दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही. तोंडाला कोरड मात्र पहिल्या दिवसापासून पडेल. त्रास आधी, गुण मागून."

तू खाली पाहत म्हणालीस, "मंग तुमची गोळी माह्या सासूवानीच हाये, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर मोठ्याने हसले. मीही हसलो आणि मला वाटलं, सुटलो, ताई आत कुठेतरी आहे अजून. पण तुला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला परत आत बोलावलं. म्हणाले, "महिन्याच्या गोळ्या एकदम हातात देऊ नका. जास्त पोटात गेल्या तर थेट हृदयावर येतं. आणि गुण यायला लागला की अंगात बळ आधी येतं, मन मागून सुधारतं. ते मधले दिवस फार जपायचे." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पावसाळ्यात छत्री जवळ ठेवा म्हणावं तसं. मी मात्र ते वाक्य घेऊन जिना उतरलो आणि पुढची आठ वर्षं ते खाली ठेवलं नाही.

घरी आल्यावर मी आणखी एक मूर्खपणा केला. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेलं इंग्रजी पत्रक असतं, ते डिक्शनरी घेऊन सबंध वाचलं. तोंड कोरडं पडणं, नजर अंधूक होणं, शौचाला न होणं, लघवी अडणं, हात कापणं, घाम, उठताना घेरी, छातीत धडधड. औषध विकणाऱ्याने ते पत्रक कधी वाचू नये. तू पाण्याचा पेला उचललास तरी मी तुझ्या हाताकडे बघत बसायचो.

तू गावी परत गेलीस आणि आपली ती शनिवारची पुडी सुरू झाली. सात दिवसांच्या गोळ्या मी कागदात बांधायचो, दुपारच्या एसटीच्या वानखेडे कंडक्टरकडे द्यायचो, तो तिकिटांच्या पेटीत ठेवायचा आणि तुमच्या फाट्यावर भाऊजींच्या नाहीतर तुझ्या हातात द्यायचा. त्याला सांगितलं होतं, बहिणीचं डोकं दुखतं. पुडीवर मी ठसठशीत अक्षरात लिहायचो, 'रात्री जेवणानंतर'. तू पहिल्याच पत्रात विचारलंस, "सात सात दिवसाच्याच काहून धाडून राहिला? मले रेशन लावलं काय?" मी लिहिलं, गोळी ताजी असलेली बरी. गोळी म्हणजे काय पालकाची जुडी आहे? पण तू पुढे काही विचारलं नाहीस.

तुझी पत्रं मी अजून ठेवली आहेत. चौथी शिकलेल्या बाईचं ते अक्षर, पण सगळं कसं स्वच्छ लिहायचीस. जीभ टाळूला चिकटते. सुईत दोरा जात नाही, "म्हातारी झाली काय मी?" खाटेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. पोट साफ होत नाही, "हे तुह्या भाऊजीले सांगू नको, ते साऱ्या गावाले औषध विचारत फिरतील." मी प्रत्येक पत्राला मोठ्या थाटात उत्तर द्यायचो. घोट घोट पाणी पी, लिंबाची फोड चोख. उठताना आधी खाटेवर बस, मग पाय टेक, मग उभी राहा. इसबगोल धाडतो आहे. जवळचं अंधूक दिसतं ते गोळीमुळे, डोळे गेले नाहीत. असं लिहून, पत्र पेटीत टाकून, मग मी धावत डॉक्टरांकडे जायचो आणि विचारायचो, की मी लिहिलं ते बरोबर आहे ना? कंपाउंडर हसायचा मला बघून.

एक पत्र मात्र मी नीट वाचायला हवं होतं. तू लिहिलं होतंस, "सोमवारी अन् गुरवारी झोपच येत नाही. मंगळवारी अन् शुक्रवारी उठवत नाही." वाराने लिहिलं होतंस, ताई. त्या दोन ओळींत सगळं होतं. आणि मी, वीस वर्षं औषधाच्या दुकानात घासलेला माणूस, मी उत्तर लिहिलं की आजारात झोप अशी मागेपुढे होतेच.

सहा आठवडे झाले, गुण नाही. डॉक्टरांनी दोनाच्या तीन केल्या. तू मन थाऱ्यावर यावं म्हणून देवाला घातलेलं साकडं वाढवत होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. मुळात सोमवार आणि गुरुवार तुझे दोन्ही वेळचे उपास, दोन एकादशा वर. त्यात चातुर्मास लागल्यावर शनिवार धरलास. डॉक्टर गोळ्या वाढवत होते, तू उपास वाढवत होतीस आणि मध्ये मी पुड्या बांधत होतो.

पोळ्याला मी गावी आलो. भाऊजी गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होते. तू पुरण वाटत होतीस. तुझा चेहरा मला तसाच दिसला, विझलेला, पण हात चालत होते, आणि मला एकदम डॉक्टरांचं ते बोलणं आठवलं, बळ आधी येतं. देवघरात दिवा विझला होता म्हणून मी काडेपेटी शोधायला फळीवर हात घातला. देवांच्या मागे पत्र्याचा गोल डबा होता. उघडला तर आत माझ्याच पुड्या. माझ्याच अक्षरात 'रात्री जेवणानंतर'. मी तिथेच जमिनीवर बसून मोजल्या. एकशे छप्पन्न गोळ्या होत्या.

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात आलो.

"हे काय आहे वं ताई?"

"गोळ्या."

"ते मले दिसते. काहून साठवून राहिली?"

"साठवून कायले राहीन? उरल्या त्या. औषध फेकू नये म्हणून देवापाशी ठेवल्या."

"उरल्या कशा?"

"उपास होते ना."

तू पाट्यावरून हात न उचलता म्हणालीस, "तूच तं लिहिलं, जेवणानंतर. उपासाच्या दिवशी जेवते काय कोणी? जेवलीच नाही तं जेवणानंतरची गोळी कशी घेऊ?"

"अवं पण भगर खाल्ली असन ना! साबुदाणा खाल्ला असन ना!"

"तो फराळ होय. जेवण थोडीच होय ते." मग जरा थांबून, "अन् त्या गोळीच्या वर ते गुलाबी काय लावलं असते, कोणाले ठाऊक. उपासाले चालते का नाही, तुले पत्रात विचारणार होती. मंग म्हटलं, हासशील."

मी हसायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही भावाने तिथे हसायला हवं होतं. आपली आई एकादशीला खोकल्याचं औषधसुद्धा द्वादशीपर्यंत थांबवायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तू तिचीच लेक. पण माझ्या डोक्यात ते जिन्यावरचं वाक्य घणासारखं वाजत होतं. मी म्हणालो, "खोटं बोलून राहिली तू."

भाऊजी दारात आले होते. हाताला शिंगांचा लाल हिंगूळ लागलेला. मी त्यांच्यासमोर डबा धरला आणि म्हणालो, "पाहा भाऊजी. आता हिच्या हाती एक गोळी ठेवू नका. रोज रात्री तुमच्या हातानं द्या, समोर गिळायला लावा, तोंड उघडून पाहा." भाऊजींना आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा ते भिंतीला टेकले.

तू उठलीस. पुरणाचे हात तसेच. माझ्या अगदी समोर उभी राहून हळू आवाजात म्हणालीस, "मन्या, मले जाचंच असतं तं तुह्या सात सात दिवसाच्या पुड्यांची वाट पायत बसली असती काय?"

आणि मी डबा पिशवीत टाकून पानावर न बसता निघालो. सणाच्या दिवशी भाऊ उपाशी गेला, हे तुला किती लागलं असेल ते मला फाट्यावर पोचल्यावर कळलं. तरी परतलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "पण जेवणानंतर लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी? माझ्या चिठ्ठीवर 'झोपताना' आहे." खरं होतं. चिठ्ठीवर झोपतानाच होतं. आमच्या दुकानात मालकाच्या वेळेपासून शिरस्ता, कुठल्याही पुडीवर डोळे झाकून जेवणानंतर लिहायचं, म्हणजे कुणाचं पोट बिघडलं तर आपल्यावर नको. माझ्या बहिणीच्या पुडीवरही माझ्या हाताने तेच लिहिलं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या दिवशी तीन आणि अर्ध्या दिवशी शून्य, अशाने गुण कसा येईल? तीनवरून दोनवर आणा, पण रोज, उपास असो नसो. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरून विचारलं, "डॉक्टरसाहेब, ती खरंच उपासाचं बोलत असेल का?" ते म्हणाले, "बहीण तुमची आहे. तुम्ही सांगा."

मी सांगू शकलो नाही, ताई. ह्यातच सगळं आलं. मी नव्या पुड्यांवर 'रोज झोपताना, उपासाला चालते' असं लिहायला लागलो, पण चूक माझी होती, असं तुला कधी लिहिलं नाही. कारण चूक माझी, असं म्हटलं की तू निर्दोष ठरत होतीस, आणि तू निर्दोष ठरलीस की माझा पहारा सैल झाला असता. मला भीती वाटत होती.

पण गुण आला! रोज गोळी पोटात जायला लागली आणि नवरात्राच्या सुमारास तुझं पत्र आलं. ना आजाराचा शब्द, ना झोपेचा. एवढंच, की वानखेड्या कंडक्टरनं पुडी भिजवून आणली, त्याले असं सुनावलं का साऱ्या बशीतले लोक खिडकीतून पाहाले लागले. मी ते पत्र औषधांच्या कपाटाआड जाऊन तीनदा वाचलं आणि तिथेच उभ्या उभ्या रडलो. मालकाने विचारलं तर डोळ्यात औषधाची भुकटी गेली म्हणालो. माझी भांडखोर बहीण मला परत मिळाली होती, तीही पंचवीस मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांत. त्या गोळीचे उपकार मी नाकारणार नाही. कोरड पडली, पोट अडलं, सुईत दोरा जाईना झाला, पण वांगी पुन्हा वेळेवर चिरली जाऊ लागली.

आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही. दीड-दोन वर्षांनी डॉक्टरांनी दोनाची एक केली, हळूहळू, एकदम नाही. पुढे तीही बंद करून पाहिली तर तुझा घास पुन्हा फिरायला लागला, म्हणून एक कायमची ठेवली. ते तुला माहीत आहे. त्याच वेळी ते मला म्हणाले होते, "आता त्यांच्या त्यांना सांभाळू द्या. महिन्याच्या गोळ्या देत जा. माणसावर विश्वास ठेवणं हाही उपचाराचा भाग आहे." मी हो म्हणालो. आणि तू विचारलंस तेव्हा तुला सांगितलं, डॉक्टर नाही म्हणतात. दरवर्षी सांगितलं. डॉक्टर कधीच नाही म्हणाले नव्हते. मीच म्हणत होतो.

अशी त्या पोळ्यापासून आठ वर्षं रोज रात्री भाऊजी कपाटाचं कुलूप काढून तुझ्या तळहातावर गोळी ठेवायचे, तू पाणी प्यायचीस आणि तोंड उघडून दाखवायचीस. मी एकदा स्वतः पाहिलं. तू भाऊजींना जीभ काढून वेडावून दाखवलंस, ते ओशाळून हसले, तूही हसलीस. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. पन्नाशी उलटलेली बाई, जिच्या शब्दावर बाग चालते, गडीमाणसं जिच्याकडे किल्ल्या मागतात, तिला रोज शाळकरी पोरीसारखं तोंड उघडायला मी लावलं होतं. बंद करावं असं फार वाटलं. पण लगेच वाटलं, आणि उद्या काही झालं तर?

गेल्या भाऊबीजेला तू ओवाळलंस. तबक हातात धरूनच म्हणालीस, "यंदा मले साडी नको, पैसे नको. मागीन ते देशीन?"

"माग."

"महिन्याच्या गोळ्या माह्या हातात दे. कुलूप नको, कोणापुढं आ नको. तेवढीच ओवाळणी."

भाऊबीजेला बहिणीने तोंडाने मागितलेलं भाऊ टाळत नाही. मी टाळलं. म्हणालो, "डॉक्टरले विचारून सांगतो वं." आणि पिशवीतून सीताबर्डीहून आणलेली साडी काढून तबकात ठेवली. तू तिच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "रंग चांगला आहे." एवढंच. तू चिडली असतीस तर मी कदाचित दिल्या असत्या. पण तू चिडली नाहीस, आणि नागपूरला परतताना मला तीच काळजी लागली, की ही चिडली का नाही?

मग तो बुधवार. दुपारी दुकानात फोन आला. तुमच्या पोस्टातून कुणीतरी ओरडून सांगत होतं, ताई गेली, जेवून लवंडली ती उठलीच नाही. मी फोन ठेवला. बसमध्ये बसलो. काटोल येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी एकच हिशेब करत होतो. शनिवारची पुडी, सात गोळ्या. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. तीन उरायला हव्यात. तीन उरायला हव्यात. तीन.

घरात पोचलो तर तू ओसरीवर होतीस. बाया बाजूला सरकल्या, मला जागा करून दिली. आणि मी तुझ्यापाशी बसलो नाही, ताई. तुझ्या पायांना हात लावला न लावला आणि आत गेलो. आधी देवघरात. सुतकात देवांना शिवायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको. मी फळीवर, देवांच्या मागे, कोपऱ्यात, वातींच्या डब्यात, सगळीकडे हात घालून पाहिलं. काही नव्हतं. मग भाऊजींच्या कपाटाशी गेलो. किल्ली कुलपालाच होती. पुडी उघडली. तीन गोळ्या. पुन्हा मोजल्या, जणू तीन मोजायला वेळ लागतो. आणि मला हायसं वाटलं. बाहेर माझी बहीण निजली होती आणि मला आत छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. ही लाज मी कुणाला सांगू शकत नाही म्हणून तुला सांगतो आहे.

मागे चाहूल लागली. भाऊजी उभे होते. मला वाटलं, आता हे विचारतील, काय करून राहिले इथं? मी पुडी लपवायला गेलो.

ते म्हणाले, "तीनच हायेत. म्या मोजल्या."

"कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाक मारली तं उठेना. हात लावला तं थंड. पह्यले कपाट उघडलं गा मी. मंग डॉक्टरले बोलवाले माणूस धाडला."

मग आम्ही दोघं तिथेच, त्या उघड्या कपाटापुढे, एकमेकांच्या खांद्याला धरून रडलो. बाहेरच्यांना वाटलं, मेहुणे-मेहुणे तुझ्यासाठी रडताहेत. तुझ्यासाठी होतंच ते. गावच्या डॉक्टरांनी हृदय म्हटलं. आपली आईही अशीच जेवून लवंडली होती. बुधवार होता, तुझा कुठलाच उपास नव्हता.

तू आठ वर्षं रोज तोंड उघडून दाखवलंस, ताई, ते आमच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून. आज ते कळतं. चूक माझी होती. तू खरं बोलत होतीस, पोळ्याच्या दिवशीही आणि नंतरही. जगायचं तू केव्हाच ठरवून टाकलं होतंस. ते खरं वाटायला आम्हाला तुझं मरण लागलं.

तुझा,
मन्या